ऐंशी टक्के बंदूक

८ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आम्लेटवर चर्चा झाली. न्यायमूर्ती सॅम्युएल ॲलिटो यांनी सरकारची बाजू मांडणाऱ्या एलिझाबेथ प्रीलॉगर यांना विचारले, ओट्यावर अंडी, चिरलेले हॅम, कापलेली मिरची आणि कांदा मांडून ठेवला, तर त्याला आम्लेट म्हणायचे का? वकीलबाई म्हणाल्या, नाही. त्या जिनसांचे दुसरेही पुष्कळ काही करता येते. तेवढ्यात न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट मध्ये पडल्या. ह्याच वस्तू मोजूनमापून, एका खोक्यात, आम्लेटसाठी म्हणूनच घरपोच आल्या तर? तर मात्र उत्तर बदलेल, असे वकीलबाईंनी कबूल केले.

ह्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकायला खुले आहे. मी ते ऐकले तेव्हा पहिल्यांदा हसू आले. पणजीच्या गाड्यावर रस-आम्लेट खाणाऱ्या माणसाला असल्या प्रश्नांची गंमतच वाटणार. पण खटला आम्लेटचा नव्हता, बंदुकीचा होता. घरी बसून, अर्धवट तयार केलेले सुटे भाग पुरे करून रायफल किंवा पिस्तूल बांधणारे लाखो हौशी लोक त्या देशात आहेत. ते जे खोके विकत आणतात त्यात बंदूक असते की नुसते धातूचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे, एवढाच वाद होता. एवढ्याशा प्रश्नामागे मात्र तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्याकडे तो कुणी फारसा सांगत नाही.

हे हौशी लोक एक गोष्ट नेहमी अभिमानाने सांगतात. आमचे पूर्वज घरीच बंदुका करत होते, स्वातंत्र्याचे युद्ध त्याच बंदुकांनी जिंकले. हे अर्धेच खरे आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींत ज्या बंदुका होत्या त्यातल्या बहुतेक युरोपातून जहाजाने आलेल्या. ज्या तिथे तयार होत त्या शेतकऱ्याच्या पडवीत नव्हे, कसबी कारागिराच्या भट्टीवर. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आसपास जर्मन आणि स्विस घराण्यांतले असे कारागीर वस्ती करून होते. त्यांनी मायदेशातली आखूड, जाड शिकारी बंदूक हळूहळू लांब आणि सडपातळ केली, नळीच्या आत पेच पाडले, दस्ता मेपलच्या लाकडाचा केला. हीच पुढे केंटकी रायफल म्हणून गाजलेली बंदूक.

ह्या कारागिरांची एक बाब मला फार आवडते. एवढी नावाजलेली अमेरिकन रायफल, पण तिचा चकमकीचा खटका पुष्कळदा इंग्लंडहून तयार आलेला असायचा! खटक्यातली स्प्रिंग, तिचे पाणी, बारीक जोड हे वेगळेच कसब. ते बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत स्वस्त पडे, म्हणून लँकेस्टरचा कारागीर खटके पेटीने मागवायचा आणि आपल्या नळीला, आपल्या दस्त्याला बसवायचा. म्हणजे सुटे भाग विकत आणून, बाकीचे हाताने पुरे करून रायफल उभी करण्याची पद्धत अमेरिकेत जुनीच आहे. फक्त ती हौस नव्हती, पोटाचा धंदा होता.

हौस सुरू झाली ती धंदा मेल्यावर. एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, एकसारखे भाग यंत्रावर निघू लागले, गावचा बंदूकवाला दुरुस्त्या करण्यापुरता उरला. आपल्याकडे कुंभाराचे, कासाराचे जे झाले तेच. मग १९२४ मध्ये कॅप्टन जॉन डिलिन यांनी केंटकी रायफलवर ग्रंथ लिहिला, आणि आजोबांच्या माळ्यावरच्या गंजक्या बंदुकांकडे लोक आदराने पाहू लागले. १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातले फ्रेंडशिप नावाचे चिमुकले गाव तिचे ठाणे. १९५४ मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटी गावी डिक्सी गन वर्क्स हे दुकान निघाले आणि चकमकीच्या बंदुकीचा लहानमोठा प्रत्येक भाग त्याच्या सूचिपत्रातून टपालाने मिळू लागला. विल्यम्सबर्ग ह्या जतन केलेल्या वसाहतकालीन गावात वॉलेस गस्लर यांनी तर लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून संपूर्ण रायफल हाताने घडवली. त्यावर १९६९ मध्ये माहितीपट निघाला. लोहारकामाची आवड असलेल्याने तो जरूर पाहावा.

दुसरी एक धार युद्धातून आली. दोन महायुद्धांनंतर सैन्याच्या जुन्या रायफली ढिगाने बाजारात आल्या. अमेरिकेच्या स्वतःच्या स्प्रिंगफील्ड, जर्मनीच्या माउझर. यंत्रणा उत्तम, पण रूप शिपाईगडी! जाडजूड दस्ता, वर लाकडाचे आवरण. हौशी माणूस ती घ्यायचा, जुना दस्ता काढून टाकायचा आणि मिसुरी राज्यातल्या वॉर्सा गावाहून नवा मागवायचा. ह्या लहानशा गावात बिशप आणि फायेन असे दोन कारखाने अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते करत. त्यातले खूपसे मुद्दाम अपुरे ठेवलेले असत. यंत्रावर बाहेरचा आकार ढोबळ कोरलेला, आत खाच बहुतेक पाडलेली, शेवटची घासणी मात्र गिऱ्हाइकाने करायची.

ही शेवटची घासणी म्हणजे काय, ते ऐकण्यासारखे आहे. लोखंडी भागाला दिव्याची काजळी फासायची, तो लाकडाच्या खाचेत अलगद दाबायचा, उचलायचा. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे. तेवढेच पटाशीने किंचित खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे शंभर वेळा, दोनशे वेळा, लोखंड आणि लाकूड यांच्यात केसाइतकी फट राहीनाशी होईपर्यंत. एकदा घाईने जास्त खरवडले की सगळे लाकूड वाया. मग दस्त्यावर चौकडीची बारीक नक्षी, आणि त्यावर जवसाचे तेल. तेलाचा त्यांचा परिपाठ असा, की आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक, आणि पुढे जन्मभर वर्षाला एक. आपल्याकडे मृदंगाला शाई भरणारा किंवा सतारीचा भोपळा निवडणारा माणूस ज्या निष्ठेने बोलतो, त्याच निष्ठेने हे लोक अक्रोडाच्या रेषांविषयी बोलतात. मला बंदुकीचे प्रेम नाही. पण हातातल्या वस्तूवर सहा-सहा महिने जीव लावणाऱ्या माणसाविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

इथपर्यंत कायद्याचा फारसा संबंध आला नव्हता. तो आणला एका टपालाने घेतलेल्या रायफलीने. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. शाळेच्या पुस्तकांच्या गोदामात इटालियन बनावटीची एक जुनी लष्करी रायफल सापडली, तिच्यावर अनुक्रमांक होता सी २७६६. त्या नंबराच्या मागावर तपासनीस शिकागोच्या क्लाइन्स नावाच्या दुकानापर्यंत पोचले, तिथे रात्रभर मायक्रोफिल्म चाळली गेली, आणि पहाटेपर्यंत मागणीपत्र हाती आले. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. पत्ता डॅलसचा, एका टपालपेटीचा. लोखंडावर ठोकलेल्या चार आकड्यांनी काय होऊ शकते, ते सगळ्या जगाने पाहिले.

पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या खुनांनंतर बंदूक नियंत्रण कायदा आला. टपालाने घरी बंदूक येणे बंद झाले, कारखान्यांना प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक टाकणे सक्तीचे झाले. पण कायदा करणाऱ्यांपुढे पेच होता. बंदूक म्हणजे नेमका कोणता भाग? १९३८ च्या जुन्या कायद्यात बंदुकीचा कुठलाही भाग बंदूकच धरला होता. प्रत्येक स्क्रूची नोंद कोण ठेवणार? म्हणून १९६८ साली ठरले की बंदुकीचा सांगाडा, म्हणजे ज्याला ते फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणतात तो एक भाग, हीच कायद्याच्या दृष्टीने बंदूक. नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा हे सगळे नुसते सामान, कुणीही कुठूनही आणावे. आणि धंदा न करता स्वतःपुरती बंदूक घरी करणाऱ्याला परवान्याची अट आधीही नव्हती, ह्या कायद्यानेही घातली नाही. नंबर टाकायची सक्तीही नाही. त्या काळी घरी रिसीव्हर घडवणारा माणूस म्हणजे हजारात एखादा, पक्का लेथवाला. त्याच्यासाठी कायद्याने डोके शिणवायचे कशाला?

नेमक्या त्याच दशकात एक रायफल बाजारात आली होती. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत असताना आखलेली एआर-१५. तिचा सांगाडा दोन तुकड्यांत. वरच्या तुकड्याला नळी बसते, खालच्यात चाप आणि त्याची यंत्रणा. स्फोटाचा जोर खालच्या तुकड्यावर येत नाही, म्हणून तो हलक्या ॲल्युमिनियमचा. कायद्याने धरली ती बंदूक म्हणजे हा खालचा तुकडा. गंमत अशी, की नियमातल्या व्याख्येत रिसीव्हरला जे जे असायला हवे होते ते सगळे ह्या तुकड्यात नव्हतेच. पण हे कुणी बोलून दाखवले नाही. १९७७ मध्ये स्टोनर यांचे पेटंट संपले, अनेक कारखाने तीच रायफल करू लागले, तिचे भाग एकमेकांत बसू लागले. लहान मुलांच्या जोडखेळासारखी ही बंदूक झाली. प्रत्येकाने आपल्याला हवी ती नळी, हवा तो दस्ता आणून जोडायचा.

आणि मग निघाला तो ऐंशी टक्केवाला माल. ॲल्युमिनियमचा खालचा तुकडा, बाहेरून पुरा घडवलेला, आत मात्र चापाच्या यंत्रणेची जागा भरीव ठेवलेली, मोजकी छिद्रे पाडायची राहिलेली. तेवढे राहिले आहे म्हणून तो रिसीव्हर नाही, म्हणून ती बंदूक नाही, म्हणून नंबर नाही, ओळखपत्र नाही, गिऱ्हाइकाची गुन्हेगारी तपासणी नाही. ऐंशी हा आकडा कायद्यात कुठेच नव्हता. दुकानदारांनीच तो रूढ केला. सरकारी खाते नमुने पाहून हा तुकडा बंदूक आहे, हा नाही, अशी पत्रे देत असे, आणि त्या पत्रांच्या रेषेच्या बरोबर अलीकडे विकणाऱ्याचे यंत्र थांबत असे.

माझ्या मते इतिहास इथे कूस बदलतो. वॉर्साच्या दस्त्यातही काम अपुरे ठेवलेले होते. ते गिऱ्हाइकाच्या हाताला आनंद मिळावा म्हणून, आणि थोडे किमतीसाठी. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात अपुरे ठेवले ते कायद्यासाठी. काम किती उरले आहे ह्याला अर्थच राहिला नाही, ते उरले आहे असे दाखवता आले की पुरे. पुढे प्लॅस्टिकच्या पिस्तुलांची खोकी निघाली तेव्हा तर नावच होते 'विकत घ्या, बांधा, झाडा'. तसले खोके पूर्वी कधी न पाहिलेल्या एका माणसाने नेहमीची हत्यारे वापरून २१ मिनिटांत पिस्तूल तयार केले, ही नोंद न्यायालयाच्या निकालात आहे. एकवीस मिनिटांत आमच्या घरी पंचखाद्य होत नाही!

ह्या हौशीची सर्वात हास्यास्पद अवस्था कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाली. स्वतःची बंदूक स्वतः करायला मुभा, मग गिऱ्हाईक कारखान्यात यायचे आणि संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे हिरवे बटण दाबायचे. यंत्र उरलेले काम करायचे. बटण गिऱ्हाइकाने दाबले म्हणून बंदूक गिऱ्हाइकाने केली! मालकावर खटला झाला, तेव्हा २०१९ मध्ये न्यायाधीशांनी प्राथमिक मत दिले की एआर-१५ चा खालचा तुकडा सरकारच्याच व्याख्येत बसत नाही. तो निकाल कायम झाला तर देशभरातला सगळा नियमच कोसळेल, हे ओळखून सरकारने तडजोड केली.

पण हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नव्हते. ७ जून २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरात एका तेवीस वर्षांच्या तरुणाने पाच माणसे मारली. २०११ मध्ये त्याने रीतसर बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता आणि राज्याच्या न्याय खात्याने ती नाकारली होती. मग त्याने सुटे भाग आणून एआर-१५ जातीची रायफल बांधली. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच राज्यात रँचो तेहामा इथे पाच जण मेले. मारणाऱ्याला न्यायालयाने शस्त्रे बाळगायला मनाई केली होती. त्याच्या रायफली घरी जोडलेल्या होत्या. बरोबर दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१९ ला, सॉगस हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने आपल्या सोळाव्या वाढदिवशी अनुक्रमांक नसलेल्या जोडपिस्तुलाने दोन मुलांचे प्राण घेतले आणि मग स्वतःवर गोळी झाडली. देशभरातल्या पोलिसांनी माग काढण्यासाठी पाठवलेल्या अशा बिननंबरी शस्त्रांची संख्या २०१७ मध्ये सुमारे १,६०० होती, २०२१ मध्ये ती १९,००० च्या वर गेली. त्यांना तिकडे भुताटकीच्या बंदुका म्हणतात. सी २७६६ सारखा धागा नाही, म्हणून माग निघत नाही.

हौशी लोकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. निवृत्त यंत्रकामगार, जुने सैनिक, गॅरेजमध्ये रविवार घालवणारे बाप-लेक. नोंद म्हणजे यादी, आणि यादी म्हणजे उद्या जप्ती, ही त्यांची भीती आपल्याला अतिरेकी वाटते, पण ती त्यांच्या देशाच्या जन्मकथेतून आलेली आहे. लेक्सिंग्टनला १७७५ साली इंग्रजी पलटण निघाली होती ती वसाहतवाल्यांचा दारूगोळा जप्त करायला, हे तिथले पोर शाळेत शिकते.

आपली कथा उलट्या टोकाची. गोवा जिंकल्यावर अल्फोन्स द आल्बुकेर्कला इथे आदिलशाहीत काम केलेले बंदूक घडवणारे कारागीर सापडले. १५१३ च्या डिसेंबरात त्याने राजा मानुएलला कळवले, की गोव्याचे हे उस्ताद बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. बोहेमिया म्हणजे तेव्हाचा शिखरावरचा कसब. ही आमच्या लोहारांची कीर्ती! पण ते राबले ते आधी आदिलशहाच्या आणि मग पोर्तुगालच्या राजाच्या कामावर. घरच्या हौशीसाठी बंदूक घडवायची कल्पना इथे रुजलीच नाही. आजचा भारतीय कायदा, १९५९ चा, अमेरिकेच्या कायद्याच्या अगदी विरुद्ध दिशेने जातो. शस्त्राचे सुटे भाग तर शस्त्र आहेतच, ती बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा त्याच व्याख्येत येते. परवान्याशिवाय बनवणे सोडाच, मोडलेली दुरुस्त करून देण्याचा धंदाही करता येत नाही. सत्तरी-सांग्याकडे रानडुकरांपासून बागायत राखायला परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आहेत. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची धांदल आपण पाहतोच.

अमेरिकेत सरकारने २०२२ मध्ये नियम बदलला. २४ ऑगस्टपासून, चटकन पुरे करता येतील असे अर्धवट सांगाडे आणि तयार खोकी यांनाही बंदूकच धरायचे ठरले. म्हणजे विकणाऱ्याला परवाना, मालावर नंबर, गिऱ्हाइकाची तपासणी. त्याविरुद्ध टेक्सासमधून दावा गेला, खालची न्यायालये दावेदारांच्या बाजूने झाली, आणि मग ते आम्लेट. २६ मार्च २०२५ रोजी निकाल लागला, सात विरुद्ध दोन, सरकारच्या बाजूने. तो लिहिला न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी. माणसाने बनवायच्या वस्तूंची नावे आपण त्या पुऱ्या होण्याआधीच वापरतो, असा त्यांचा मुद्दा होता. लेखिका अपुरे हस्तलिखित वाचायला देते तरी आपण तिला तिची कादंबरीच म्हणतो. दुकानातून खोक्यात आलेले, अजून जोडायचे असलेले टेबल, टेबलच असते.

हा युक्तिवाद आपल्याला समजावायला न्यायमूर्ती लागत नाहीत. जुलै-ऑगस्टात कुठल्याही चित्रशाळेत जा. पाटावर ओल्या चिकणमातीचा गोळा, सोंड आहे, हात नाहीत, डोळे तर चतुर्थीच्या तोंडावर. तरी माणसे दारातून विचारतात, 'आमचो गणपती खंय मेरेन पावलो?' माती कुणी म्हणत नाही. पण त्याच चित्रशाळेच्या अंगणात पडलेल्या मातीच्या ढिगाला गणपतीही कुणी म्हणत नाही. गॉर्सच यांनीही ते मान्य केले. काही खोकी आणि काही अर्धवट सांगाडे कायद्यात बसतात, एवढेच ह्या निकालाने ठरले. नेमके कुठपर्यंत माती आणि कुठून मूर्ती, ते पुढच्या खटल्यांवर सोडले. न्यायमूर्ती टॉमस आणि ॲलिटो यांनी विरोधी मत दिले.

एक जात मात्र ह्या सगळ्या वादाबाहेर राहिली आहे. १९६८ च्या कायद्याने काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका आणि त्यांच्या नव्या प्रतिकृती पुरातन वस्तूंत काढल्या, त्या केंद्राच्या व्याख्येप्रमाणे बंदुकाच नव्हेत. म्हणून बहुतेक राज्यांत आजही केंटकी रायफलचे खोके टपालाने घरी येते. नळी, पितळेचे सामान, चकमकीचा खटका आणि मेपलचा अर्धवट कोरलेला दस्ता. पटाशी, काजळी आणि जवसाचे तेल घेणाऱ्याने आपले आणायचे.